हेमाकाकूंचे हात

सोलापूरहून आलेल्या बाईनं पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि ती थेट पाया पडायला वाकली, तेव्हा हेमलता थोरवडेला आधी संकोच वाटला आणि मग, खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. कराडच्या औद्योगिक वसाहतीतल्या तिच्या शेडपर्यंत गिऱ्हाईक स्वतःच्या पायानं येण्याचे दिवस कधीच मागं पडले होते. 'हेमाकाकूंची बाळगुटी' आता सुरतेला जात होती, दुबईला जात होती, आणि खुद्द हेमाकाकू दिवसभर डब्या भरून घेण्यात अडकलेल्या असत.

"काकू, तुम्ही नसता ना, तर मी वेडी झाले असते बघा," बाई म्हणाली. "दीड महिन्याचं पोर, रात्र रात्र रडायचं. तुम्ही सांगितल्यापासनं नऊ वेढे देते, तर कसं ढाराढूर झोपतंय."

"कशाचे नऊ?"

"जायफळाचे."

हेमलताच्या हातातली डबी हातातच राहिली.

ज्यांच्या घरात अलीकडे तान्हं बाळ नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. बाळगुटीच्या डबीत वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ अशी अख्खी मुळं-फळं असतात. सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकायचे आणि एकेक वस्तू त्यावर गोल उगाळायची. एकदा फिरवली की एक वेढा. कशाचे किती वेढे द्यायचे ते बाळाच्या वयावर ठरतं आणि गुटीचं सगळं शहाणपण त्या आकड्यात असतं. हेमलताची सासू जायफळाच्या बाबतीत भारी कडक होती. तीन महिन्यांच्या आत त्याला हातच लावायचा नाही आणि पुढंही एकच वेढा, तोही रोज नाही. जायफळानं झोप येते, आणि एवढ्याशा जिवाला आलेली झोप कुठवर जाईल याचा नेम नसतो.

"अगं, मी नऊ कधी सांगितले?"

"असं काय करता काकू?" बाई हसली आणि तिनं फोन पुढं केला.

पडद्यावर हेमलताच होती. चेहरा जरा गोल, नाकात चमकी, बोलण्याला सोलापुरी हेल. हेमलता जन्मात कधी सोलापूरला राहिली नव्हती. पण हात तिचेच होते. डाव्या अंगठ्याजवळचा तव्याचा जुना डागसुद्धा जागच्या जागी होता. ते हात जायफळ सहाणेवर फिरवत होते आणि ती बाई मायेनं मोजत होती. सात, आठ, नऊ.

हेमलतानं त्या बाईला तिथंच उभं करून घरी फोन लावायला सांगितला, बाळाला उठवायला लावलं, त्याचं रडणं स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि मग बजावलं की जायफळ आजपासून बंद. बाई रागावून गेली. पेढे मात्र ठेवून गेली.

ती गेल्यावर हेमलतानं स्वतःच्या फोनवर आपलं पेज उघडलं. ती ते रोज सकाळी बघायची. तिथं ती नेहमीसारखी साध्या सुती साडीत बसून सांगत होती, "तीन महिन्यांच्या आत जायफळ नको बरं का. नंतरही एकच वेढा." अगदी सासूबाई सांगायच्या तसं. दोन वर्षं ती हेच बघत आली होती आणि समाधानानं कामाला लागत आली होती.

पूर्वी पेज म्हणजे दुकानावरच्या पाटीसारखं असायचं. एकदा लावली की येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना तीच दिसायची. मग समाजमाध्यमांनी पानं वाहती केली. आता पेज असं कुठं ठेवलेलंच नसे. कुणी उघडलं की त्या क्षणी त्याच्यापुरतं ते तयार व्हायचं आणि मिटलं की नाहीसं व्हायचं. बघणाऱ्याची बुबुळं कुठं थबकली, अंगठा कुठं रेंगाळला, चेहरा कशानं सैलावला हे फोनचा कॅमेरा टिपून घ्यायचा. त्यावरून सांगणारीचा चेहरा कसा हवा, आवाज कुणासारखा हवा, पुढचं वाक्य कोणतं हवं, कुणी काही विचारलं तर उत्तर काय हवं, हे यंत्र पापणी लवायच्या आत ठरवायचं. ठरवताना त्याच्यापाशी एकच कसोटी होती. माणूस थांबला तर आपलं बरोबर, निघून गेला तर चूक.

ज्या धंद्यांनी याच्याशी जुळवून घेतलं नाही ते कुणाला दिसेनासेच झाले. शेजारच्या शेडमधला पापडांचा कारखाना सहा महिन्यांत बंद पडला होता. म्हणून हेमलतानं पुण्याच्या 'प्रतिबिंब' नावाच्या कंपनीशी करार केला. तिथल्या अनुजा मेहेंदळेनं तिला तीन दिवस स्टुडिओत बसवलं, तिचा चेहरा घेतला, आवाज घेतला आणि शेवटी हात घेतले. "काकू, यंत्राला तुमच्या हाताची लय शिकायची तर भरपूर नमुने लागतात," असं म्हणून तिच्याकडून प्रत्येक मुळी तीस-तीस वेळा उगाळून घेतली. जायफळाच्या विसाव्या वेढ्याला हेमलता हसत म्हणाली होती, "एवढं खरंच पाजलं तर उठायचं नाही गं पोर." सगळे हसले होते. ते वाक्य पुढं काढून टाकलं, कारण ते ऐकून बघणारे पळाले असते.

तिनं अनुजाला फोन लावला.

"काकू, आमचा एक नियम फार कडक आहे," अनुजा शांतपणे म्हणाली. "तुमच्या हातांनी जे केलेलं नाही ते यंत्र कधीही दाखवत नाही. जायफळाचे तीस वेढे तुम्ही स्वतः दिलेत. नऊ त्याच्या आतच येतात."

"अगं, ते शिकवण्यापुरतं होतं! बाळाला पाजायला नव्हतं!"

"ते यंत्राला कसं कळणार?"

मग अनुजाचा आवाज बदलला. "कुणाला काही झालंय का?"

"अजून माहीत नाही. तू ते आधी बंद कर."

"मी लगेच कळवते वर. पण काकू, यंत्र आमचं नाही, त्या माध्यमाचं आहे. तीन दिवस तरी जातील."

तीन दिवस! तान्ह्या बाळाचे तीन दिवस म्हणजे किती वेळा गुटी, हा हिशेब तिच्या मनात आपोआप होऊन गेला. तिनं कॅमेरा सुरू केला आणि हात जोडून सांगितलं, "बायांनो, जायफळ देऊ नका. दिलं असेल तर बाळाला डॉक्टरकडं न्या." डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही. व्हिडिओ पेजवर गेला. तिच्या फोनवर तो जसाच्या तसा दिसला.

डब्या भरणाऱ्या बायकांतली जुनी शोभा शेजारीच उभी होती. नुकतीच आजी झालेली. हेमलतानं तिचा फोन मागून घेतला. त्यावरही हेमलता होती, हात जोडून. पण डोळे कोरडे होते आणि चेहरा हसरा. "बायांनो, बाळ शांत झोपावं असं कुठल्या आईला वाटत नाही?" ती म्हणत होती.

"वैनी, हे तर तुम्ही आत्ता बोललाच न्हाईत," शोभा पुटपुटली.

हेमलता स्टुलावर बसली. आपण कितीही ओरडलो तरी पलीकडं गोडच ऐकू जाणार, हे तिला लख्ख कळलं. आणि त्याच क्षणी तिला केतकी आठवली.

केतकी तिची एकुलती एक लेक. पुण्यात वाकडला राहायची. नवरा अमेय चेन्नईला कामावर, महिन्यातून दोनदा यायचा. बाळंतपणाला केतकी कराडला आली होती आणि तीन महिने राहायचं ठरलं होतं. पण सणाच्या ऑर्डरी आल्या, शेडमध्ये हेमलताशिवाय पान हलेना, आणि सव्वा महिना होताच तिनं लेकीची पाठवणी केली. सोबत दिली गुटीची डबी, सहाण आणि पाजायचं बोंडलं. रेवा आता अडीच महिन्यांची होती.

शोभाचाच फोन हातात होता. त्यावरूनच तिनं नंबर फिरवला.

"केतकी, मी बोलतेय. आई."

"आई? आत्ता सकाळी तर बोललो आपण."

"कुठं बोललो?"

"पेजवर. तिथं तू लगेच येतेस ना. फोनवर तुला वेळ कुठं असतो?" केतकीच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. तो रागापेक्षा जास्त लागला.

"मी काय सांगितलं तुला?"

"वेढे वाढव म्हणालीस. अकरा."

"रेवा कुठंय?"

"झोपलीये. किती दिवसांनी अशी झोपलीये, आई."

"प्यायली कधी?"

केतकीनं आठवून सांगितलं. "सातला." शेडमधल्या घड्याळात दीड वाजला होता.

"उठव तिला. आत्ताच्या आत्ता उठव."

तेवढ्यात फोनमधून दुसरा आवाज आला. खोलीत कुठंतरी टॅब सुरू होता. "झोपू दे गं राणी, लेकरं झोपेतच वाढतात. तूही जरा पड. किती दमलीयेस."

हेमलतानं आपलाच आवाज ऐकला. गेल्या कित्येक वर्षांत ती लेकीशी इतक्या मऊ आवाजात बोलली नव्हती.

"केतकी, ती मी नाही."

"मग तू कोण? हा नंबरही तुझा नाही." केतकीचा आवाज सावध झाला. "आवाज काढून फसवणारे हल्ली कितीतरी असतात. तू खरी आई कशावरून?"

काय सांगणार? लहानपणीची गोष्ट सांगावी, तर तसल्या गोष्टी तिनं त्या स्टुडिओत खंडीभर सांगितल्या होत्या. लाडाचं नाव सांगावं, तर तेही दिलेलं. माया, काळजी, आर्जव, सगळं यंत्राकडं तिच्यापेक्षा सरस होतं. यंत्राकडं काय नव्हतं? हेमलताला एकच गोष्ट सुचली. यंत्र कधी कुणाला ओरडत नव्हतं, कारण ओरडा खाल्लेलं माणूस निघून जातं.

"कार्टे!" ती इतक्या जोरात किंचाळली की डब्या भरणाऱ्या बायका दचकल्या. "ऊठ म्हणतेय ना! अक्कल गहाण टाकलीस का? पोरगी सकाळपासनं उपाशी पडलीये आणि तू मला विचारतेस मी कोण? उचल तिला, नाहीतर तिथं येऊन थोबाड फोडीन तुझं!"

"आई," केतकी अगदी लहान आवाजात म्हणाली.

मग पावलं वाजली. "रेवा, रेवू, ए सोन्या." हलक्या चापट्यांचा आवाज आला. टॅबवरची हेमलता अजून गोड बोलतच होती. आणि मग केतकीचा टाहो आला. "आई, ही डोळेच उघडत नाहीये! मान टाकतेय!"

"खाली पळ. रिक्षा, गाडी, मिळेल ते. दवाखान्यात पोचेपर्यंत तिला हलवत राहा. फोन बंद करू नकोस."

कराड ते पुणे हा रस्ता हेमलतानं हजारदा केला असेल, पण त्या दिवशी, भाड्याच्या गाडीत पुढच्या सीटवर शोभाचा फोन कानाशी धरून बसल्यावर, तो संपता संपेना. साताऱ्याच्या अलीकडं केतकीच्या फोनची बॅटरी संपली. त्यानंतर काही कळायला मार्ग नव्हता. हेमलतानं, दुसरं काही सुचेना म्हणून, आपला फोन उघडला आणि सवयीनं बोट पेजवर पडलं.

आज तिथली हेमलता गुटीविषयी बोलत नव्हती. तिनं थेट हिच्या डोळ्यांत पाहिलं. "प्रवासात आहात ना? घाबरू नका. एवढी माया करणाऱ्या बाईचं देव वाईट करत नाही. सगळं ठीक होईल."

आणि एक क्षण तिला खरंच बरं वाटलं. छातीवरचा भार हलका झाला, आणखी थोडं ऐकावंसं वाटलं. मग आपल्याला काय होतंय ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं विंचू झटकावा तसा फोन झटकून मागच्या सीटवर टाकला. आजवरच्या आयुष्यात ती इतकी घाबरली नव्हती.

लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाबाहेर केतकी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. पायात दोन वेगळ्या चपला होत्या. आईला बघून ती उठली नाही.

डॉक्टर नाईकनवरे बाहेर आले. चाळिशीचे, चष्म्यातून रोखून बघणारे. "श्वास मंदावला होता. वेळेत आणलंत. अजून एक-दोन तास उशीर झाला असता तर मला बोलता आलं नसतं," ते म्हणाले. "इतक्या लहान बाळाचं यकृत हे पचवूच शकत नाही. एवढं जायफळ द्यायला सांगितलं कुणी?"

केतकीनं मान वर केली आणि बोट दाखवलं. "हिनं."

हेमलतानं नाही म्हणायला तोंड उघडलं, पण हात तर तिचेच होते.

कशीबशी तिनं सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, आपला फोन काढला आणि पेज उघडलं. त्यांच्या पडद्यावरची हेमलता चष्मा लावून, पांढऱ्या केसांनी, प्राध्यापिकेसारखी बसली होती. "तान्ह्या बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणतीही गुटी देऊ नये," ती ठामपणे म्हणाली. "जायफळ तर नाहीच."

"अहो, या बाई तर अगदी बरोबर सांगताहेत," डॉक्टर म्हणाले. "मीही माझ्या पेशंटना हेच सांगतो." त्यांनी केतकीकडं जरा संशयानंच पाहिलं. "तुमचा काही गैरसमज झाला असेल. झोप नसली की होतं असं."

केतकी ताडकन उठली. डॉक्टरांच्या फोनमध्ये तिनं डोकावून पाहिलं. मग आईकडं पाहिलं. इथं चष्मा, पांढरे केस, कडक आवाज. सकाळी टॅबवर मऊ आवाज, मोकळा वेळ आणि अकरा वेढे. आणि समोर ही घामेजलेली, पदर सुटलेली बाई, जिनं दुपारी तिला कार्टे म्हणून हाक मारली होती. केतकीचा चेहरा पिळवटला. तिनं आईचा डावा हात ओढून घेतला आणि अंगठ्याजवळच्या डागावरून बोट फिरवलं.

"मला वाटलं, तू सुधारलीस," ती म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली. "मला वाटलं, आता आईला माझ्यासाठी वेळ आहे."

हेमलतानं तिला कुशीत घेतलं. थोड्या वेळानं आतून एक बारीक, चिरका, वैतागलेला आवाज आला. रेवा रडत होती. नर्सनं दारातून हसून मान हलवली आणि दोघी मायलेकी तिथंच मटकन बसल्या.

पण हेमलताला फार वेळ बसवेना. हे एक बाळ. बाकीच्यांचं काय? तिनं शेडच्या फोनवर शोभाला गाठलं आणि गेल्या तीन महिन्यांत डबी गेलेल्या सगळ्या घरांची यादी मागवली. नावं आणि नंबर. यादी आली, ती पडद्यावर खाली खाली सरकतच राहिली. पहिला नंबर नाशिकचा.

"नमस्कार, मी बाळगुटीवाल्या हेमाकाकू बोलतेय. बाळाला जायफळ देत असाल तर आधी थांबवा."

"कोण?" पलीकडची तरुण बाई गोंधळली. "तुमचा आवाज काकूंसारखा नाही."

"मीच आहे गं. पेजवरची मी नव्हे."

"थांबा, मी काकूंनाच विचारते." फोन ठेवल्याचा आवाज झाला नाही. मागं काहीतरी सुरू झालं, आणि हेमलताला दवाखान्याच्या त्या गलक्यातही नाशिकच्या त्या खोलीतला स्वतःचा हसरा आवाज स्पष्ट ऐकू आला. "असे फोन हल्ली फार येतात गं. आपल्या धंद्यावर जळणारी माणसं असतात. तू लक्ष देऊ नकोस."

फोन कट झाला. परत लावला तर लागेना.

हेमलता फोनकडं बघत राहिली. तिला ओरडायचं होतं, पण परक्या बाईला कुठल्या हक्कानं ओरडणार? आणि ओरडून तरी काय? तिचा चेहरा, आवाज, हात, आर्जव, सगळं तिनं आपल्या सहीनं देऊन टाकलं होतं. लोकांनी विश्वास ठेवावा असं आता तिच्यापाशी तिचं स्वतःचं काही उरलं नव्हतं.

केतकीनं ते सगळं ऐकलं होतं. तिनं डोळे पुसले आणि हात पुढं केला.

"फोन दे. तुझा आवाज नको, आई. मी बोलते."

"तुझं कोण ऐकेल?"

"मी कुणाला काही विकलेलं नाही."

तिनं दुसरा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. "ताई, मी केतकी. तुम्ही मला ओळखत नाही. माझी अडीच महिन्यांची मुलगी आत्ता दवाखान्यात आहे. जायफळानं. तुमचं बाळ कुठंय?"

"झोपलंय," पलीकडून आवाज आला. "का?"

"कधीपासून?"

"झाला बराच वेळ."

"ताई, पेज उघडू नका. कुणाला विचारू नका. आधी त्याला उठवा. मी फोनवर थांबते."

पावलं दूर गेली. एक दार करकरलं. हेमलतानं लेकीचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले असतील, पण केतकी हलली नाही. पलीकडं बाई बाळाला हाका मारत होती, एकदा, दोनदा, मग जरा मोठ्यानं. तिच्या आवाजात भीती शिरलेली दोघींना ऐकू आली.

मग बाळ रडलं. झोपमोड झालेलं, संतापलेलं, खणखणीत रडणं.

"जायफळाला आता हात लावू नका, आणि आजच डॉक्टरांना दाखवून घ्या," एवढं सांगून केतकीनं फोन ठेवला. तिनं यादीकडं पाहिलं आणि मग आईकडं.

"पुढचा नंबर सांग."